गोळीतलं गाजर, ताटातलं गाजर

मैत्रिणींनो, आजची हकिगत आमच्या घरातलीच. यांची सिगारेट काही सुटत नाही. सांगून झालं, रुसून झालं, अबोला धरून झाला. शेवटी शेजारच्या वहिनींनी एक उपाय सुचवला. म्हणाल्या, "अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या द्या, फुप्फुसं शाबूत राहतात." शाळेच्या अर्ध्या पगारातून मी बाटली आणली. रोज सकाळी चहाबरोबर यांच्या हातावर गोळी ठेवू लागले. मला हायसं वाटलं, आणि माझी कटकट थांबली म्हणून हेही खूश!

महिन्याभराने यांच्या खोकल्यासाठी डॉक्टरांकडे गेलो. बाटली बघून ते म्हणाले, "ताई, यात बीटा कॅरोटिन आहे. सिगारेट ओढणाऱ्याला हे अजिबात देऊ नका." मी चपापलेच.

त्यांनी समजावलं ते असं. दाण्याचं कूट उघडं राहिलं की खवट होतं, कारण त्यातल्या तेलाशी हवेतला प्राणवायू संयोग पावतो. आपल्या पेशींमध्येही स्निग्धांश असतो. अन्नाचं ज्वलन होताना 'फ्री रॅडिकल्स' नावाचे उपद्रवी कण तयार होतात आणि ते असंच नुकसान करतात. शरीराची स्वतःची राखण असते, क आणि ई जीवनसत्त्वं तिला हातभार लावतात. राखण कमी पडली की तोच 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस'. सिगारेटच्या प्रत्येक झुरक्याबरोबर असे असंख्य कण आत जातात.

मग गोळी का नको? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली निष्कर्ष आला, की रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त! अमेरिकेतला तसाच एक प्रयोग जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. गंमत अशी, की फिनलंडच्या त्याच पुरुषांत ज्यांच्या जेवणातच कॅरोटिन जास्त होतं, त्यांना हा रोग कमी झाला. म्हणजे भाजीतलं चांगलं, पण तेच वेगळं काढून भरमसाट दिलं की अंगावर येतं.

तेव्हा भर द्यायचा तो ताटावर. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला थोड्या तेलाच्या फोडणीवर करावा, स्निग्धांशाबरोबर कॅरोटिन अंगी लागतं. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून पाण्यात ठेवली तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातं. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावं. महागड्या फळांचा हट्ट नको, पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. ई जीवनसत्त्वासाठी मूठभर शेंगदाण्यांचाही हातभार लागतो. कूट मात्र आठवड्यापुरतंच करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं.

पण खरं सांगू? पेरूसुद्धा सिगारेटवर उतारा नाही. ती बाटली मी माझ्या समाधानासाठी आणली होती, आणि यांना त्यातून जणू परवानगीच मिळाली. बाटली फेकली आणि यांना स्पष्ट सांगितलं, "आता राखणदार कोणी नाही." हे गप्प बसले. दुसऱ्या दिवशी स्वतःच तंबाखू सोडवण्याच्या सरकारी मोफत सेवेला, १८००-११-२३५६ वर, फोन लावला. दहाच्या चारवर आल्यात. उरलेल्या चारांसाठी माझी कटकट चालूच आहे!