टोपडं नाकावर का आलं?

भाचीच्या बाळाच्या बारशाला स्वतःच्या हातचं क्रोशाचं टोपडं न्यायचं, असं मी ठरवलं होतं. इंग्रजी पुस्तक समोर ठेवून चार रात्री जागले. टाके मोजून पाहिले, सगळे बरोबर. पण बाळाच्या डोक्यावर टोपडं ठेवताच ते नाकापर्यंत उतरलं! बायका हसल्या, मीही हसले. पण मनातून खट्टू झाले.

घरी आल्यावर थोरल्या जाऊबाईंनी पुस्तक चाळलं. म्हणाल्या, “अगं, हे पुस्तक ब्रिटिश आहे. यातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब. तू सगळीकडे अख्खा खांब घातलास!”

मैत्रिणींनो, घोळ आहे तो नावांचा. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकन पुस्तकात ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात, तर खांबाला ‘डबल क्रोशे’. ब्रिटिश पुस्तकात त्यांचीच नावे ‘डबल क्रोशे’ आणि ‘ट्रेबल’ अशी होतात. नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द दिसला, तर तो अमेरिकन समजावा.

सोबत आकृती असेल तर काम सोपे होते. नेहमीच्या खुणा अशा :

साखळी : लहान लांबट गोल.

मुका खांब : फुली किंवा अधिकचे चिन्ह. सुई टाक्यात घालून दोरा ओढा. सुईवरच्या २ फासांतून एकदम दोरा काढा.

अर्धा खांब : इंग्रजी ‘टी’. आधी सुईवर दोऱ्याचा १ वेढा घ्या; मग ३ फासांतून एकदम दोरा काढा.

खांब : ‘टी’च्या दांडीवर १ तिरकी रेघ. १ वेढा घ्या. मग दोन-दोन फासांतून दोनदा दोरा काढा.

लांब खांब : दांडीवर २ रेघा. २ वेढे घ्या. दोन-दोन फासांतून तीनदा दोरा काढा.

ओळीच्या सुरुवातीला उंची मिळवण्यासाठी मुक्या खांबाला १, अर्ध्याला २, खांबाला ३ आणि लांब खांबाला ४ साखळ्या घालतात. गोल विणीची आकृती मधून बाहेर वाचावी. लेखी नमुन्यात दोन चांदण्यांमधला मजकूर सांगितला असेल तितक्या वेळा पुन्हा विणायचा असतो.

आणखी एक गोष्ट. पुस्तकात १० सें.मी.मध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात, ते दिलेले असते. आधी तेवढा चौकोनी तुकडा विणून पट्टीने मोजा. माप जुळले नाही तर सुई बदला. हा अर्धा तास मी वाचवला आणि चार रात्री घालवल्या.

ते टोपडं मी उसवलं आणि त्याच लोकरीचं पुन्हा विणलं. थंडी सुरू होण्याआधी ते भाचीकडे पोचलं. या वेळी ते बरोबर बाळाच्या कानांवर बसलं!