खोटा पत्ता कोणाच्या मुळावर?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला. त्यातील कलम १२ अन्वये विनाअनुदानित खाजगी शाळांना प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांना विनाशुल्क द्याव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा वगळून ही तरतूद वैध ठरविली. महाराष्ट्रात या जागा सोडतीने भरल्या जातात आणि शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना अग्रक्रम मिळतो. घराच्या पत्त्याला किंमत आली ती यामुळे. आणि ज्याला किंमत येते त्याचा बाजार भरतो. नामांकित शाळेच्या आसपास कागदोपत्री खोली भाड्याने घेणारे पालक निघाले आणि असे करार जुळवून देणारे मध्यस्थही निघाले.

“मुलाच्या भल्यासाठी एवढे चालायचेच,” असे समर्थन केले जाते. परंतु हिशेब साधा आहे. चाळीस मुलांच्या वर्गात राखीव जागा दहा. एका खोट्या पत्त्याने त्यांतील एक जागा बळकावली, तर संस्थाचालकाचे काहीच बिघडत नाही. बाहेर राहते ते शाळेच्या मागच्या वस्तीतील मोलकरणीचे किंवा पहारेकऱ्याचे मूल. प्रस्थापितांविरुद्धचे बंड म्हणून या लबाडीकडे पाहणे ही शुद्ध आत्मवंचना होय.

याची दुसरी बाजू अधिक विदारक आहे. भाडेकरूकडून नोंदणीकृत करार मागितला जातो. चाळीतील दहा बाय दहाच्या खोलीत वर्षानुवर्षे राहणाऱ्या कुटुंबाला घरमालक असा करार करून देत नाही. भाडेकरूचा हक्क कागदावर यावा, हे त्याला नको असते. म्हणजे जो तेथे राहत नाही त्याच्याकडे कागद आहे आणि जो राहतो त्याच्याकडे तो नाही! खोट्या पत्त्यांचे पीक वाढले की तपासणी कडक होते आणि तिचा पहिला फटका या कागदहीन, पण खऱ्या रहिवाशालाच बसतो.

शासनाचे हातही स्वच्छ नाहीत. शासकीय वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खाजगी शाळेला या जबाबदारीतून मोकळे करणारा नियम राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली व जुलैमध्ये तो रद्द केला. अंतराचा निकष गरिबांसाठी दार उघडण्यासाठी होता. सरकारने त्याचीच कडी करून पाहिली.

कोठारी आयोगाने १९६६ साली परिसरातील सर्वांच्या मुलांसाठी एकच समान शाळा सुचविली होती. ती प्रत्यक्षात आली असती, तर पत्त्याची चोरी करण्याचे कारणच उरले नसते. तो लढा चालूच ठेवला पाहिजे. मात्र समान शाळा येईपर्यंत अप्रामाणिकपणाला मुभा आहे, असा त्याचा अर्थ कोणी करू नये.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्यापुढील कर्तव्य दुहेरी आहे. ओळखीचा, प्रसंगी पक्षातलाच माणूस रहिवासाची खोटी शिफारस मागू लागला, तर त्याला स्पष्ट नकार द्यावा. आणि खऱ्या भाडेकरूच्या पाठीशी उभे राहून घरमालकाला दुय्यम निबंधकाच्या कचेरीपर्यंत आणावे. पहिल्याने माणसे दुखावतील, दुसऱ्याने चपला झिजतील. पण वस्तीतील मुलाची जागा वस्तीतच राहील.