सिझेरियननंतरची रात्र कोणाच्या हिशेबात?

जून २०११ मध्ये केंद्र सरकारने जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला आणि सरकारी रुग्णालयांतील प्रसूती, सिझेरियन शस्त्रक्रियेसह, विनामूल्य केली. औषधे, रक्त, सात दिवसांचा आहार, वाहन असा सारा तपशील हक्कांच्या त्या यादीत आहे. वेदनाशमनाची स्वतंत्र नोंद तीत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. खाजगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के होते. यांतील किती शस्त्रक्रिया अनावश्यक, याचा वाद बराच होतो, आणि तो व्हावाही. परंतु शस्त्रक्रिया झाल्यावर त्या स्त्रीचे काय, हा प्रश्न त्या वादात कोणी विचारीत नाही.

वास्तविक उपाय अज्ञात नाहीत. एपिड्युरल पद्धतीत पाठीच्या कण्यालगत बारीक नळी ठेवून वेदनाशामक द्रव्य थोडेथोडे सोडता येते. त्याहून स्वस्त मार्गही आहे. बहुतेक सिझेरियन पाठीत सुई टोचून, कमरेखालचा भाग बधिर करूनच होतात. त्याच सुईतून परिरक्षकविरहित मॉर्फिन एक मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाइतके दिले, तरी जवळजवळ दिवसभर आराम पडतो. औषधाचे मोल नगण्य. मोल आहे ते देखरेखीचे. क्वचित श्वास मंदावतो, म्हणून रात्रभर ठरावीक अंतराने तो मोजणारी परिचारिका हवी. यंत्र एकदाच विकत घ्यावे लागते, परिचारिकेला दरमहा वेतन द्यावे लागते. अंदाजपत्रकाला पहिला खर्च मानवतो, दुसरा नाही. पन्नास खाटांमागे एक परिचारिका असेल तिथे भूलतज्ज्ञाने मॉर्फिन टाळले, तर त्याला दोष कसा द्यावा?

विसंगती अशी की, मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे अफूची कायदेशीर लागवड होते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी अफू कारखाने उभे राहिले. मात्र १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले. धास्ती तितक्या लवकर जात नाही. ‘आईपण म्हणजे सोसणे’ ही समजूतही प्रशासनाला सोयीचीच पडते.

वेदनेने जखडलेली बाळंतीण उशिरा उठते, बाळाला पाजताना अडते, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. हा खर्चच, फक्त तो कोणत्याही खात्यावर पडत नाही. परिचारिकांच्या जागा भरणे हे अर्थखात्याचे काम. पण नाडी आणि तापाच्या तक्त्यात वेदनेचा एक रकाना वाढविण्यास, किंवा ज्यांना चालते त्यांना पॅरासिटामॉल व डायक्लोफेनॅक मागितल्यावर नव्हे तर ठरल्या वेळी देण्यास, कोणत्या मंजुरीची वाट पाहिली जात आहे?