महासत्तांच्या भेटी आणि दाराबाहेरची माणसे



15 ऑगस्ट 2025 रोजी अलास्कातील अँकोरेज येथे ट्रम्प आणि पुतिन भेटले. विषय होता युक्रेनचे युद्ध, पण युक्रेनच्या अध्यक्षांना त्या भेटीचे निमंत्रण नव्हते. त्याच महिन्यात, 27 ऑगस्टपासून, अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरचे शुल्क 50 टक्क्यांवर नेले. कारण सांगितले गेले ते भारत रशियाकडून घेत असलेल्या तेलाचे. त्या मालात कोळंबीही होती. आम्ही वर्सोव्यात राहतो. दोन महासत्तांच्या भांडणाचा आणि मैत्रीचा दर मासळीबाजारापर्यंत कसा येतो, हे इथे कुणाला फळ्यावर लिहून समजावण्याची गरज नाही.

तरीही चळवळीतल्या तरुणांशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते. "हे मोठ्यांचे राजकारण आहे. आपले विषय वेगळे. शिष्यवृत्ती, अट्रॉसिटी, आरक्षण, खासगीकरण." हे विषय आपले आहेतच, त्याबद्दल वाद नाही. पण परराष्ट्र धोरण आपला विषय नाही, हे बाबासाहेबांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी म्हणू नये. बाबासाहेबांनी 1951 मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला तेव्हा त्याची कारणे देशासमोर मांडली. हिंदू कोड बिल आपल्याला पाठ आहे. अनुसूचित जातींकडे झालेले दुर्लक्षही आपण सांगतो. पण त्या कारणांत परराष्ट्र धोरण होते, हे आपल्यातले किती जण सांगतात? वर्षाच्या 350 कोटींच्या महसुलातले सुमारे 180 कोटी सैन्यावर जातात, हा हिशेब त्यांनी त्याच निवेदनात मांडला होता. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा जग आपल्या बाजूचे होते, चार वर्षांत मित्र उरले नाहीत आणि त्याची किंमत गरीब देशाच्या तिजोरीतून जाते, असा त्यांचा आक्षेप होता. अन्न आणि शाळा यांचा पैसा कुठे जातो, हे विचारणारा माणूस परराष्ट्र धोरण सोडून कसे देईल?

म्हणून महासत्तांच्या शिखर परिषदांचा इतिहास आपण आपल्या नजरेने वाचला पाहिजे. फोटोत कोण हसले आणि कोणी कोणाला मिठी मारली, हे बघायला वृत्तवाहिन्या पुरेशा आहेत. आपला प्रश्न एकच असला पाहिजे: ज्यांच्या आयुष्याचा निर्णय होत होता, ती माणसे खोलीत होती की दाराबाहेर?

सुरुवात आपल्याच गावापासून करू. वेसावे, म्हणजे आजचे वर्सोवा, हे साष्टी बेटावरचे गाव. 1661 च्या विवाह-करारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, तेव्हा साष्टीवरही इंग्रजांनी हक्क सांगितला, पण पोर्तुगीजांनी ती सोडली नाही. 1739 मध्ये चिमाजी अप्पाच्या वसई मोहिमेत साष्टी आणि वसईचा मुलूख मराठ्यांकडे गेला. 1774 च्या डिसेंबरअखेर ईस्ट इंडिया कंपनीने ठाण्याचा किल्ला घेतला. त्याच धडाक्यात वर्सोव्याचा किल्लाही गेला, जो आज खाडीपलीकडे मढच्या टोकावर उभा आहे. त्यानंतर आठ वर्षांत चार तह झाले. 1775 ला सुरत, 1776 ला पुरंदर, 1779 ला वडगाव आणि 1782 ला सालबाई. एका तहात साष्टी दिली गेली, एकात परत करण्याचे कबूल झाले, ते कंपनीने मोडले आणि शेवटी सालबाईत ती कंपनीकडेच राहिली. सालबाईच्या वाटाघाटीत एका बाजूला महादजी शिंदे होते, दुसऱ्या बाजूला कंपनीचा डेव्हिड अँडरसन. इतिहासाची पुस्तके सांगतात की या तहाने दोन सत्तांमध्ये वीस वर्षे शांतता नांदली. असेल. पण वेसाव्याच्या कोळ्याला त्या वीस वर्षांत कुणी विचारले नाही की बाबा, तुझा धनी कोण असावा. गावकुसाबाहेरच्या महाराला तर कुठल्याच तहाने माणूस म्हणून मोजले नाही. पोर्तुगीज, पेशवे, कंपनी असे धनी बदलले आणि वेठ तेवढी राहिली.

विसाव्या शतकातली पद्धत याहून फार वेगळी नव्हती, तंबूऐवजी राजवाडे आले इतकेच. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन बसले. पोलंडच्या सीमा आणि सरकार यांवर चर्चा झाली, पोलंडचा प्रतिनिधी नव्हता. 'शिखर' हा शब्द या भेटींना चिकटला तो चर्चिलने 1950 मध्ये एडिंबरा येथे केलेल्या भाषणानंतर. शिखरावरून खाली बघितले की माणसे मुंगीएवढी दिसतात, हे त्या शब्दातच आहे. ऑक्टोबर 1962 मध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांचा पेच केनेडी आणि ख्रुश्चेव्ह यांनी पत्रांतून सोडवला. जग अणुयुद्धातून वाचले, हे खरेच. पण ज्याच्या भूमीवर ती क्षेपणास्त्रे होती, त्या क्युबाला ती काढण्यापूर्वी विचारलेही गेले नाही.

आपल्याला जास्त जवळचे उदाहरण 1971 चे आहे. त्या वर्षी पूर्व बंगालमध्ये पाकिस्तानी सैन्य कत्तल करत होते. ढाक्यातला अमेरिकेचा कॉन्सल जनरल आर्चर ब्लड याने एप्रिलमध्येच आपल्या सहकाऱ्यांचा लेखी निषेध वॉशिंग्टनला पाठवला. त्याला परत बोलावण्यात आले. निक्सन गप्प का राहिले? कारण त्यांना चीनशी भेट घडवायची होती आणि त्या भेटीचा मध्यस्थ याह्या खान होता. जुलैमध्ये किसिंजर इस्लामाबादहून गुपचूप बीजिंगला गेले आणि फेब्रुवारी 1972 मध्ये निक्सन स्वतः पोहोचले. जगाने त्या भेटीला शतकातली मोठी मुत्सद्देगिरी म्हटले. तिच्या तयारीच्या महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांत नामशूद्र शेतकऱ्यांची संख्या मोठी होती.

नामशूद्र कोण, हे आंबेडकरी माणसाला सांगावे लागू नये. 1946 मध्ये मुंबईतून संविधान सभेचा मार्ग बंद झाला होता, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नामशूद्र सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना बंगालमधून निवडून पाठवले. फाळणीने ती जागा गेली आणि त्या समाजाचे गाव-शिवारही गेले. 1951 च्या राजीनाम्याच्या निवेदनात बाबासाहेबांनी पूर्व बंगालमधल्या आपल्या लोकांच्या हालांचा उल्लेख केला होता. देश काश्मीरवर बोलत होता आणि पूर्व बंगालकडे कुणाचे लक्ष नव्हते, ही त्यांची तक्रार होती. वीस वर्षांनी तेच लोक पुन्हा महासत्तांच्या हिशेबात शून्य ठरले.

आता कुणी म्हणेल, बाबासाहेब तर अमेरिकेच्या गटाचे होते. या आक्षेपाला टाळून चालणार नाही. 26 ऑगस्ट 1954 रोजी राज्यसभेत आंतरराष्ट्रीय परिस्थितीवर बोलताना ते रशियावर कठोर होते. रशियाने गिळलेल्या देशांची यादी त्यांनी वाचली. पाश्चात्त्य लोकशाह्यांकडे त्यांचा कल होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण कल का होता, ते बघा. माणसाला स्वतंत्र राहता येते की नाही, हा त्यांचा निकष होता. गट बदलतात, निकष बदलत नाही. त्याच निकषावर 1971 ची अमेरिका तोलली, तर ती नापास होते. बाबासाहेबांना एखाद्या महासत्तेच्या पंक्तीत बसवणारे लोक त्यांचा निष्कर्ष उचलतात आणि त्यांची मोजपट्टी टाकून देतात.

त्याच भाषणात त्यांनी पंचशीलाचा समाचार घेतला होता. चार महिन्यांपूर्वी, 29 एप्रिल 1954 रोजी, भारत आणि चीन यांनी तिबेटबाबतच्या व्यापार-करारात पंचशीलाची पाच तत्त्वे घातली होती. करार तिबेटबद्दल, सह्या दिल्ली आणि बीजिंगच्या. तिबेट दाराबाहेर. शील हा आपल्या धम्माचा शब्द. तो राजकारणाच्या कागदावर शोभेला लावलेला बाबासाहेबांना दिसला आणि त्यांनी विचारले की माओंचा पंचशीलावर खरेच विश्वास असता, तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले नसते काय? ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन आपण चीनची सीमा आपल्या दारात आणली, हेही त्यांनी बजावले. आठ वर्षांनी, 1962 मध्ये, देशाला त्याचा अर्थ समजला. पोकळ शब्दांवर विश्वास ठेवू नका, हे सांगणारा माणूस तेव्हा सभागृहात एकटा पडला होता.

मग सगळ्या शिखर परिषदा व्यर्थ समजायच्या का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑक्टोबर 1986 मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह रेक्याविक येथे भेटले आणि रिकाम्या हाताने परतले. पण पुढच्याच वर्षी, 8 डिसेंबर 1987 रोजी, दोघांनी मध्यम पल्ल्याची अण्वस्त्रे नष्ट करण्याच्या करारावर सही केली. 1991 पर्यंत 2,692 क्षेपणास्त्रे मोडीत निघाली. हे का जमले? कारण करारात आकडे होते, मुदती होत्या आणि एकमेकांच्या तळांवर जाऊन तपासणी करण्याचा हक्क होता. हस्तांदोलनावर कुणी विसंबले नव्हते. तळांवरची ती तपासणी 2001 मध्ये थांबली आणि 2019 मध्ये तो करारही संपला. सदिच्छा कागदावर आली, मोजता आली आणि तपासता आली, तरच ती टिकते. बाबासाहेब आयुष्यभर लेखी संरक्षण मागत राहिले, ते याच समजुतीने. उच्चवर्णीयांच्या सदिच्छेवर सोडून द्या, हा सल्ला त्यांनी कधीच मानला नाही.

आपल्या इतिहासातही एक शिखर परिषद आहे, गोलमेज. एका बाजूला ब्रिटिश साम्राज्य, दुसऱ्या बाजूला काँग्रेस. देशाचे भवितव्य या दोघांत ठरणार, असे सगळे धरून चालले होते. नोव्हेंबर 1930 मध्ये लंडनमध्ये बाबासाहेब आणि रेट्टमलाई श्रीनिवासन जाऊन बसले आणि हजारो वर्षांत पहिल्यांदा अस्पृश्य समाज स्वतःच्या तोंडाने राजकीय सत्तेपुढे बोलला. दुसऱ्या परिषदेत गांधीजींनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व आपण स्वतः करतो असा दावा केला, तेव्हा बाबासाहेबांनी तो तिथल्या तिथे खोडला. त्या बसण्यातून 1932 चा जातीय निवाडा आला. पुढे येरवड्यात उपोषणाच्या दडपणाखाली पुणे करार झाला. जागा 71 वरून 148 झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. म्हणजे खोलीत शिरल्याने सगळे मिळत नाही, हेही आपण अनुभवले आहे. पण खोलीत कुणीच नसते, तर वाटाघाट कशावर झाली असती? आपल्या वतीने दुसराच कुणी सही करून मोकळा झाला असता.

म्हणून पुढच्या वेळी दोन महासत्तांचे नेते एकत्र फोटो काढतील, तेव्हा आपण चार प्रश्न विचारू. ज्यांच्याबद्दल बोलणे झाले ते तिथे होते का? लेखी काय ठरले आणि ते तपासणार कोण? या भेटीसाठी कोणाच्या हत्येकडे डोळेझाक झाली? आणि बिल कोणाच्या ताटातून गेले? अभ्यासवर्गात संविधान वाचता तसे 1951 चे निवेदन आणि 1954 चे भाषण वाचा. दोन्ही बाबासाहेबांच्या प्रकाशित लेखन-भाषणांत आहेत.

आणि एक काम घराजवळचे. पूर्व बंगालमधून वेगवेगळ्या लाटांत आलेल्या निर्वासितांच्या वस्त्या आजही आपल्या गडचिरोली जिल्ह्यात आहेत. पश्चिम बंगालमध्ये नामशूद्र अनुसूचित जातींत मोडतात, महाराष्ट्राच्या यादीत त्यांचे नाव नाही. ज्यांनी बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवले, त्यांची लेकरे आपल्याच राज्यात सवलतींच्या दाराबाहेर उभी आहेत. महासत्तांनी त्यांना विचारले नाही, हे आपण छाती पिटून सांगू. पण आपण त्यांना विचारले का, याचे उत्तर आपल्या मोर्च्यांच्या मागणीपत्रात दिसले पाहिजे.

जय भीम, जय संविधान!