वळणाऱ्या चेंडूचे मूळ

वऱ्हाळदेवी तलावाकाठच्या कामतघरात यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालतो. तिथल्या कापड व्यापाऱ्याला ताक्यात लांबवर गेलेली उभी रेघ दिसली, तर तो घडी घालणाऱ्या कारागिराला बोल लावीत नाही. थेट मागाशी जातो. ताण्यातला धागा तुटलेला असतो किंवा फणीत चुकीचा भरलेला असतो. दोष दिसतो एका जागी आणि उपजतो दुसऱ्या जागी, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

हाच व्यापारी रविवारी पहाटे सिडकोच्या खारघर येथील गोल्फ मैदानावर किंवा १९२७ पासूनच्या चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात उभा राहिला, की हे शहाणपण विसरतो. सरळ मारलेला चेंडू हवेत उजवीकडे वळून झाडीत शिरतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवख्यांमध्ये सर्वाधिक आढळणारा हा दोष. त्याला ‘स्लाइस’ म्हणतात. त्यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे नेमच डावीकडे धरणे. मात्र क्लबचे तोंड पूर्वीइतकेच लक्ष्याकडे उघडे राहिले, तर नेम जितका डावीकडे, तितका वळसा मोठा होतो.

कारण असे, की चेंडू ज्या दिशेने सुटतो ती मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबचे तोंड कुठे आहे यावर ठरते. तो किती वळेल, हे तोंड आणि क्लबचा मार्ग यांतील अंतरावर ठरते. स्लाइसमध्ये क्लब बाहेरून आत येतो आणि त्या मार्गाच्या मानाने त्याचे तोंड उजवीकडे उघडे असते. बहुधा याच्या मुळाशी घाई असते. क्लब वर नेऊन झाल्यावर जोर लावण्याच्या हव्यासाने उजवा खांदा आधी पुढे झेपावतो आणि क्लबला बाहेर ढकलतो.

दुरुस्ती पकडीपासून करावी. डावा हात किंचित उजवीकडे वळवून धरावा. खाली पाहिल्यावर बोटांची दोन ते तीन पेरे दिसली पाहिजेत. खांद्यांची रेषा लक्ष्याला समांतर आहे ना, हे सोबत्याला पाहावयास सांगावे. क्लब खाली आणताना प्रथम भार डाव्या पायावर जावा, कंबर वळावी. खांदे आणि हात मागाहून यावेत. सरावासाठी चेंडूच्या पलीकडच्या बाजूस, थोडे मागे, पुठ्ठ्याचा रिकामा खोका ठेवावा. क्लब बाहेरून आला तर खोक्याला लागेल. सुरुवातीस अर्धाच फटका, निम्म्या जोराने मारावा. जुनी पाठदुखी असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय कंबरेला पीळ देऊ नये.

चातुर्मासात ओल्या गवतावर सूक्ष्म जीवांची दाटी असते, म्हणून अनेक श्रावक मैदान टाळतात. त्या चार महिन्यांत हा सराव खंडित होण्याचे कारण नाही. घरात आरशासमोर, चेंडूविना, संथ गतीने केलेली हालचालच शरीराला नवे वळण लावते. चेंडू समोर नसला की तो कुठे गेला हे पाहण्याची उत्सुकता नसते आणि लक्ष हालचालीवर राहते.

या दोषाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. गोल्फचा चेंडू कठीण असतो. वजन फार तर ४५.९३ ग्रॅम, पण वेग मोठा. तो शेजारच्या मार्गावरील खेळाडूकडे किंवा गवत कापणाऱ्या मजुराकडे वळला, तर ‘फोर!’ अशी आरोळी तत्काळ दिलीच पाहिजे. पुढची मंडळी टप्प्याबाहेर जाईपर्यंत थांबलेही पाहिजे. चालताना पावलाखाली पाहणे ही ईर्यासमिती ज्या घरात शिकवली जाते, तिथे स्वतःच्या फटक्याने कुणाला इजा होऊ नये, ही दक्षता निराळी शिकवावी लागू नये.

पन्नाशी गाठलेल्या यशस्वी गृहस्थाला मुलाच्या वयाच्या प्रशिक्षकाकडून पकड सुधारून घेणे जड जाते. पेढीवर त्याचा शब्द अखेरचा असतो. पण प्रतिक्रमणाचा क्रमही हाच नव्हे काय? आधी आलोचना, म्हणजे दोष जसा आहे तसा पाहणे; मग त्यापासून मागे फिरणे; शेवटी प्रत्याख्यान, तो पुन्हा न करण्याचा निश्चय. नेम डावीकडे सरकवणारा यांपैकी पहिलीच पायरी गाळतो. कामतघरचा व्यापारी मागापर्यंत जाऊन तुटलेला धागा शोधतो. मैदानावर त्याला फक्त स्वतःच्या दोन हातांपर्यंत यायचे असते.