रात्रीच्या भरण्याचा हिशेब

जुन्नर तालुक्यातल्या पिंपळवंडीच्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते आणि त्याच उसाचं भरणं करायला शेतकरी रात्री बॅटरी घेऊन बांधावर उभा राहतो, कारण कृषिपंपाची थ्री फेज वीज आलटूनपालटून रात्रपाळीला येते. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वारसांना २५ लाख रुपये देण्याचा शासननिर्णय २०२३ सालचा. सरकारी वहीत जिवाची किंमत अशी मांडलेली आहे. जिवंत माणसाच्या भीतीचा, मोडलेल्या झोपेचा रकाना मात्र कोराच.

शेतीला दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे फायदे सांगताना स्वस्त वीज, घटणारं अनुदान, वाचलेला कोळसा मोजतात. दिवसा भरणं झाल्यानं टळणारा धोका रुपयांत धरला, तर जुन्नर-आंबेगावच्या फीडरांचा नंबर सौरीकरणाच्या यादीत वर येईल.

बिबट्या दिवसाही हल्ला करतो, हा आक्षेप खरा आहे. पण दिवसा तो दिसण्याची शक्यता अधिक, सोबतीला माणसं असतात आणि साप-विंचवाची धास्तीही कमी. भीतीला भाव कसा लावायचा, असं अर्थशास्त्री विचारतील. आज तो शून्य लावलेलाच आहे की!