खिडकी बंद, पोर्टल सुरू

‘ऑनलाइन झाले, दलाल गेले’ हे वाक्य इतक्यांदा ऐकवले गेले आहे की ते तपासून पाहावे असे आता कुणाला वाटत नाही. एकदा कोणत्याही नगरपालिकेच्या फाटकाबाहेर उभे राहून पाहा. पूर्वी तिथे अर्ज लिहून देणारा टेबल टाकून बसायचा. आता त्याच जागेवर झेरॉक्स, फोटो आणि ‘सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी आहे. माणूस तोच, नाहीतर त्याचा मुलगा. पूर्वी त्याला टाळून थेट खिडकीवर जाता यायचे. आता खिडकीवरचा बाबूच सांगतो, ‘ऑनलाइन करून आणा, बाहेर दुकान आहे.’

तंत्रज्ञानाशी माझे भांडण नाही. आखातात कामाला गेलेला मुलगा तिथून गावच्या घराची घरपट्टी भरतो, चांगलेच आहे. माझे भांडण खिडकी बंद करण्याशी आहे. पोर्टल हा दुसरा दरवाजा असायला हवा होता. आपल्या नगरपालिकांनी पहिला दरवाजा बंद करून त्याला एकमेव दरवाजा बनवले.

याचा फटका कसा बसतो, ते आपल्या नावांवरून पाहू. मराठवाडा, खानदेश, विदर्भात मुसलमानाचे नाव ‘शेख रशीद शेख गफूर’ असे लिहिले जाते. रशीद हे त्याचे नाव, गफूर वडिलांचे आणि ‘शेख’ दोघांच्याही आधी. ऑनलाइन अर्जात चौकटी तीन : नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आता ‘शेख’ कुठे घालायचे? दुकानातला पोरगा सुचेल तिथे घालतो. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख रशीद शेख गफूर’, आधारवर ‘रशीद गफूर शेख’, जुन्या रेशनकार्डावर ‘शे. रशीद शे. गफूर’. रोमन लिपीत तर एकाच शेखचे चार स्पेलिंग. मोहल्ल्यातल्या कुणालाही ही तिन्ही नावे एकाच माणसाची वाटतील, खिडकीवरच्या जुन्या कारकुनालाही वाटायची. संगणकाला ती तीन माणसे दिसतात. पश्चिम महाराष्ट्रातले तांबोळी, बागवान, मुजावर या चौकटीत सहज बसतात. म्हणून तिकडच्या मित्रांना ही तक्रार अतिशयोक्ती वाटते. ती नाही.

पण खरा मुद्दा यापुढे आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. अर्जाची पोच मिळाली पाहिजे, ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली पाहिजे, नाकारली तर लेखी कारण मिळाले पाहिजे. त्यावर अपील करता येते, दोषी अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. कायदा चांगला आहे. मात्र त्यातले दिवस अर्ज दाखल झाल्यापासून मोजले जातात. जो अर्ज ‘नाव जुळत नाही’ म्हणून पुढच्या पानावर सरकलाच नाही, त्याचे काय? तो दाखल झाला नाही, म्हणून नाकारलाही गेला नाही. पोच नाही, लेखी कारण नाही, अपील नाही. खिडकीवरचा बाबू निदान ‘नाही’ म्हणायचा. त्याच्याशी हुज्जत घालता यायची, साहेबाकडे जाता यायचे. आता नकार देणारा माणूसच उरलेला नाही. वर्षाच्या शेवटी किती अर्ज निकाली निघाले याचा आकडा येतो, तेव्हा हा माणूस त्या आकड्यातही नसतो.

ही किरकोळ अडचण आहे असे ज्यांना वाटते त्यांनी जन्मदाखल्याकडे पाहावे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलाला शाळा, मतदारयादी, पासपोर्ट अशा अनेक कामांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार. म्हणजे नगरपालिकेतली एक नोंद चुकली की पुढचे आयुष्यभराचे कागद चुकले. आणि मुसलमानाच्या कागदातली चूक ही फक्त चूक राहत नाही. 2025 च्या सुरुवातीला मालेगावात उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांवरून बांगलादेशी-रोहिंग्यांचा आरोप झाला आणि विशेष तपास पथक नेमले गेले. खोटा दाखला देणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर कारवाई व्हावी, यात दुमत नाही. पण यंत्रमागावर किंवा विडीच्या सुपावर आयुष्य गेलेल्या, घरीच जन्मलेल्या बाईची नोंद कुणी केलीच नव्हती, तर तिने काय करायचे? ‘ऑनलाइन रेकॉर्ड सापडत नाही’ या वाक्याचा अर्थ इतरांसाठी हेलपाटा असतो, तिच्यासाठी संशय असतो.

जुन्या नोंदी वाचायला माणसे मिळत नाहीत, असे कार्यालयांत सांगितले जाते. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधल्या, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणारे मिळालेच की! मराठा समाजासाठी ते केले, योग्यच केले. इच्छा असली की दप्तर उघडते, एवढेच मला म्हणायचे आहे.

30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. पापण्या मिटता येत नाहीत म्हणून केवायसी होत नाही, अशी ॲसिड हल्ला झालेल्या महिलेची तक्रार त्या प्रकरणात होती. विडी वळून बोटांचे ठसे झिजलेल्या बायकांना, नवऱ्याच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीसाठी रात्रीपर्यंत थांबणाऱ्या बायकांना हा निकाल लागू होत नाही का?

आता थोडे आपल्या माणसांविषयी. आपले पुढारी काय करतात? फ्लेक्स लावतात : ‘मोफत आधार दुरुस्ती शिबिर’. मंडप, खुर्च्या, फोटो. दोनशे लोकांचे काम होते, उरलेले पुढच्या शिबिराची वाट बघतात. जो हक्क नगरपालिकेने रोज द्यायचा, तो वर्षातून एकदा उपकार म्हणून वाटला जातो. आणि लोक दुआ देतात! अनेक महापालिकांत 2022 पासून प्रशासक होते, लोकांनी जायचे कुणाकडे, ही सबब तोवर चालत होती. आता निवडणुका झाल्या, नगरसेवक आले आहेत.

त्यांनी पहिल्याच सर्वसाधारण सभेत ठराव मांडावा. जन्म, मृत्यू, विवाह नोंदणी आणि घरपट्टी यांसाठी प्रत्येक प्रभाग कार्यालयात रोज एक खिडकी उघडी राहील. तिथला कर्मचारी कागदावरचा अर्ज घेईल, स्वतः संगणकात भरेल आणि सही-शिक्क्याची पोच देईल. अर्ज पुढे सरकत नसेल तर का, ते नाव आणि तारखेसह लिहून देईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. एक टेबल, एक खुर्ची आणि एक माणूस लागतो. आपल्या प्रभागातला नगरसेवक हा ठराव मांडतो की नाही, हे सभेच्या इतिवृत्तात दिसेल. त्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते.